एक सेकंदसुद्धा तुटणार नाही!

"नाना, आवाज एक सेकंदसुद्धा तुटणार नाही! तुटला तर मी खोली सोडतो!"

हे मी आमच्या गावच्या राजाला सांगितलं. कुणी विचारलेलं नसताना! राजवाड्याच्या मागची ती खोली म्हणजे माझं इंटरनेट रेडिओ स्टेशन. ती गेली की स्टेशन डोक्यावर घेऊन फिरायचं. अशी पैज लावायला माणूस एक तर शूर लागतो, नाहीतर राजधानीत, अक्राला जाऊन आवाजाचा तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला. मी दुसरा.

रविवार. अक्वासिदेचा, म्हणजे दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या सणाचा दरबार. नानांच्या खुर्चीच्या हाताला मी माझा सर्वांत तेज माइक बांधला, खोलीत आलो, खिडकी लावली, हेडफोन चढवले. अंगणाकडे बघायचं कशाला? कानाच्या परीक्षेत डोळे वापरणं म्हणजे कॉपी!

१०.१४. ढोल. झकास.

१०.१९. (इथे पाच सेकंद काहीही वाचू नका.)

"ओफोसू," फोनवरचे निरोप वाचत आचिया म्हणाली, "हॅम्बुर्ग बोंबलतंय. आवाज गेला म्हणे." हॅम्बुर्ग म्हणजे पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले आमचे गावकरी. आचिया स्टेशनची अर्धी मालकीण. टोमण्यांची पूर्ण.

"केबल!" मी केबल बदलली. आवाज आला! मी कमरेत वाकून अभिवादन केलं. आचियानं जांभई दिली.

१०.२३. (पुन्हा पाच. नको, दहा.)

"हॅम्बुर्ग?"

"हॅम्बुर्ग, आम्स्टरडॅम आणि तुझी आई."

नेटची गती तपासली. चित्त्यासारखी. मग बफर वाढवला, म्हणजे आवाज साठवायची टाकी मोठी केली. आता सगळं अर्ध्या मिनिटानं उशिरा जायला लागलं. शांतताही! तेवढ्यात भिंतीपलीकडून ढप्प, ढप्प. डोक्यात लख्ख उजेड पडला! राजवाड्याच्या स्वयंपाकघरात आंटी सेर्वा फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होत्या. एवढ्या दणक्यांनी प्लग हलणार नाही तर काय!

"आंटी, कुटणं थांबवा!"

"आणि नानांना काय वाढू? तुझं डोकं?"

"देशासाठी थांबवा!"

"कुठल्या रे? जर्मनीसाठी?" पण त्यांनी मुसळ खाली ठेवलं.

१०.४१. शांतता. ढप्प-ढप्पविरहित, शुद्ध, गाळीव शांतता!

आता शेवटचं अस्त्र. आवाज कितीही बारीक असो, यंत्र त्याला पकडून ढोलाएवढा करतं, असं एक बटण असतं. कोर्सचे मास्तर म्हणाले होते, जपून. मी ते टोकापर्यंत फिरवलं.

आणि शांतता खलास! हेडफोन भिरकावून मी खोलीभर नाचलो.

"हॅम्बुर्ग काय म्हणतंय?"

"हसतंय."

"आनंदानं?"

आचियानं हेडफोन उचलून माझ्या कानांवर दाबले. आत नानांचा आवाज गरजत होता: "संपलं याचं भाषण एकदाचं! गेल्या वर्षी या गाढवानं बर्फ उपसायची फावडी पाठवली. चाळीस! इथे! आणि फुफूचा आवाज का बंद झाला? मेली का सेर्वा?"

मग ओचामेचा मधाळ आवाज: "नाना म्हणतात, हॅम्बुर्गच्या लेकराचं मन फार मोठं आहे."

सांगायला लाज वाटते. आमचा राजा चारचौघांत थेट बोलत नाही. तो ओचामेच्या कानात कुजबुजतो आणि ओचामे, म्हणजे त्याचा काठीवाला प्रवक्ता, ते साखरेत घोळवून मोठ्यानं सांगतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण पाळण्यातलं पोर अक्राला कोर्सला गेलेलं नसतं.

आवाज तुटत नव्हता. राजा बोलत होता!

मी धावलो. बटण तसंच राहिलं! अंगणात छत्र्यांखाली निम्मं गाव फोनवर माझंच स्टेशन लावून बसलेलं. खास हॅम्बुर्गहून आलेले तिकडच्या मंडळाचे अध्यक्ष रेशमी केंटे नेसून, हातात भाषणाचा कागद घेऊन उभे. मी पोहोचायला आणि शंभर फोनांतून एकदम यायला एकच गाठ पडली: "या गाढवानं! चाळीस! इथे!"

अध्यक्षांच्या हातातला कागद खाली पडला. तो पडल्याचा आवाजही हॅम्बुर्गला व्यवस्थित गेला असणार.

नानांनी मला पाहिलं. मग ते ओचामेच्या कानाशी वाकले. खूप वेळ. ओचामेच्या भुवया कपाळभर फिरून आल्या. त्यानं खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं, घसा खाकरला.

"नाना म्हणतात, या तरुणानं दिलेला शब्द पाळला. आवाज एक क्षणही तुटला नाही. त्यानं आता विश्रांती घ्यावी."

टाळ्या! मी सुटकेचा श्वास सोडला. अगदी अर्धं मिनिट.

मग फोनांतून मूळ मजकूर आला.

तो इथे छापण्यासारखा नाही. खोली मी त्याच दुपारी सोडली. एवढंच सांगतो, त्या मजकुरात 'विश्रांती' हा शब्द कुठेच नव्हता.