सिद्रामप्पांची छोटी गाडी

सोलापुरात आमच्या शेजारचे सिद्रामप्पा माणसांनी भरल्याशिवाय गाडी सुरूच करत नसत. गाडी स्वतःची, भाड्याने माणसं भरणारी वडाप नव्हे! तरी रोज सकाळी दारात उभे राहून हाका मारायचे, "नवी पेठेत चाललोय, या की वो!" आम्हाला साधी कोथिंबीरही आणायची नसायची. त्यांची हाक आली की निम्मी गल्ली आंघोळीला पळायची, उरलेली भिडेखातर गाडीत.

ती गाडी आप्पांच्या कांद्याच्या आडतीत बरकत होती तेव्हाची. पांढरी, दांडगी, पुढची सीट बाकड्यासारखी सलग. मागे चौघं, पुढे तिघं, मांडीवर पोरं. गिअर पडताना मधल्याने गुडघे बाजूला घ्यायचे. ते काम माझ्याकडे होतं.

दिवाळीत त्यांच्या पुण्याच्या मुलाने नवी छोटी गाडी दारात उभी केली आणि मोठी भंगारात काढली. आप्पांनी नवीभोवती एक चक्कर मारली, टपावर बोटाने टकटक केलं.

"डबा हाय. माणसं कुटं बसवायची?"

"एसी आहे की आप्पा," मुलगा म्हणाला.

"व्हय, गार हाय. पर गार कुणाला करायचं?"

मी म्हटलं, "ही कुठंही वळते. मोठी वळवायला निम्मी नवी पेठ थांबायची."

"थांबायची की! थांबली की माणसं बोलायची."

मग गाडी कव्हरखाली गेली आणि हाका बंद झाल्या. गल्लीला आधी हायसं वाटलं. चार दिवसांनी मलाच करमेना. म्हटलं, "आप्पा, एकटे तरी जाऊन या कुठंतरी."

कव्हर सारखं करत ते म्हणाले, "आमची मंडळी गेल्यापास्नं घरात एकटाच हाय. गाडीतबी एकटाच बसायचं, तर भाईर कशाला पडू?"

मी कव्हरच्या दोरीचं दुसरं टोक धरलं आणि गाठ मारू लागलो.

थंडीत माझ्या मेव्हण्याने अक्कलकोट रोडवरच्या शेतात हुरड्याला बोलावलं. मी गल्लीत फिरून सगळ्यांना सांगितलं, जायचं ते आप्पांच्याच गाडीतून. गूळ आणि शेंगाचटणीचे डबे घेऊन आम्ही सात जण त्यांच्या दारात उभे राहिलो. आप्पांनी आमच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"मावणार न्हाईत वो."

"मग दोन खेपा करा की!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

आप्पांनी कव्हर असं ओढलं की दोरीच तुटली.

पहिल्या खेपेला मी पुढे बसलो. वाटभर ते गाडीला नावं ठेवत होते आणि चालवत होते मात्र ऐटीत. शेतात पोचताच बाकीचे उतरून आगटीकडे धावले. भाजत्या कणसांचा वास सुटला होता. बांधाजवळच्या चिंचोळ्या वाटेवर आप्पांनी गाडी एका दमात वळवली. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"वळती लई झ्याक," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "उतरा की वो, हुरडा गार हुतोय."

दुसरी खेप आणायला सोलापूरपर्यंत ते रिकाम्या गाडीतून जाणार होते. मी उघडलेलं दार परत लावून घेतलं.

"चला आप्पा, माणसं वाट बघतायत."