रोहिणीचा गुन्हा आणि माझा नारळ

माणूस घास कसा उचलतो त्यावरून त्याच्या पोटात काय आहे ते मी ओळखतो! रोहिणीची आई गेल्यापासून घरात स्वयंपाकही माझाच. वरण तर अगदी तिच्यासारखं होतं. वाटी चाटूनपुसून खाते पोरगी!

रोहिणी कॉम्प्युटरची पीएचडी करते. गेल्या महिन्यात एका रात्री मात्र वरणात नुसतं बोट फिरवत बसली.

"आप्पा, मी सोडून देते. उद्या सेमिनार आहे. सगळ्यांसमोर पकडली जाईन."

"केलंस काय?"

"तिथं सगळे खरे, मीच खोटी. इतकी वर्षं फसवतेय सगळ्यांना!" आणि रडायलाच लागली.

मी लगेच ओळखलं. पोरीनं कॉपी केली! आमच्याकडं परीक्षेला खिडकीतून कॉप्या फेकणारे बाप मी पाहिलेत. पण माझी पोरगी?

देवगाव रंगारीला, आमच्या गावात, चूक झाली की नारळ-टोपी घेऊन चार माणसांत जायचं, हात जोडायचे, विषय मिटला. सकाळी रोहिणी अंथरुणातच होती. मी मुकुंदवाडीतून नारळ-टोपी घेतली आणि थेट विद्यापीठात तिच्या गाइड निजामुद्दीन सरांसमोर उभा! चार विद्यार्थीही होते तिथं. सरांच्या डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला.

"सर, पोरीनं कॉपी केली. चूक पदरात घ्या!"

"अरे भाऊ, किसकी कॉपी?"

"ती म्हणते, सगळे खरे, मीच खोटी. आज पकडली जाईन."

मग सगीरा नावाची मुलगी हळूच म्हणाली, "काका, खोटी तर मी आहे!"

"तू? मला वाटलं फक्त मीच!" तिच्या शेजारचा रामकिसन ओरडला.

सर टोपी सारखी करत म्हणाले, "बैठो भाऊ. वर्गात जाताना मला अजून वाटतं, आज पोरं ओळखणार."

"म्हणजे अख्खं डिपार्टमेंटच बोगस?" मी विचारलं.

असे हसले सगळे! सगीरानं फोन लावला, "रोहिणी, लवकर ये! तुझ्या आप्पांनी आम्हा सगळ्यांना पकडलंय!"

पोरगी आली. सेमिनारला उभी राहिली आणि बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, म्हणून मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. नंतर रामकिसननं पायरीवर नारळ फोडला.

संध्याकाळी जेवताना रोहिणी म्हणाली, "आप्पा, एका बाबतीत मी खरंच फसवलंय."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"तुमचं वरण आईसारखं होत नाही. जवळपाससुद्धा जात नाही."

"मग वाटी चाटूनपुसून?"

"तुम्ही बघत असता ना!"

घास बघून ओळखतो म्हणे! आता वरण तीच करते. तेही तिच्या आईसारखं होत नाही. मी वाटी चाटूनपुसून खातो.