माळ्यावर बसलेली आक्का

शाळवाच्या, म्हणजे ज्वारीच्या, राखणीला शेतातल्या उंच माळ्यावर बसलेल्या आमच्या थोरल्या जाऊबाईंनी गोफणीतलं ढेकूळ पाखरांना न मारता थेट मामंजींच्या पटक्यावर मारलं. मामंजी खालून ओरडत होते, "आगं, पाखरं कणसं खात्यात की!"

"खाऊ द्यात! माजी वळ तोडू नगा!"

वळ म्हणजे पुस्तकातली ओळ. उंब्रजजवळच्या आमच्या गावात तिशी उलटलेली एक बाई पहिलीचं पुस्तक वाचत होती. शिकवणारी मी, तिची धाकटी जाऊ, माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. तिला मी आक्का म्हणायची.

हे सगळं रागातून सुरू झालं. थोरले भावजी लढाईवर होते. त्यांचं पत्र आलं की मास्तर ते पारावर मोठ्यानं वाचायचे. एकदा त्यात निघालं, 'गंगूच्या हातचं पिठलं लई आठवतं.' झालं! आक्का पाण्याला निघाली की पारावरून आवाज, "गंगूवैनी, पिठलं शिजलं का?" तिसऱ्या दिवशी ती घागर घेऊन अंगावर धावली. पुढचं पत्र तिनं टपालवाल्याच्या हातातून हिसकावलं.

"माज्या नवऱ्याचं पत्र मीच वाचीन. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

मलासुद्धा नाही. पत्रं तशीच बंद, तांदळाच्या मडक्यात.

पण घरात तिला बसू देतील तर शपथ! हातात पाटी दिसली की सासूबाईंना म्हैस आठवायची, शेजारणीला विरजण हवं व्हायचं, नणंदेचं डोकं दुखायचं. मलाही चीड यायची. आक्का तर भडकायचीच.

"दिसभर राबती तवा कुनाला गंगू दिसत न्हाई. घटकाभर बसली की समद्या गावाला गंगू पायजे!"

म्हणून तिनं राखण मागून घेतली. मला घेऊन माळ्यावर चढायची आणि शिडी वर ओढायची. कुणी हाक मारली की ढेकूळ. मी जांभई दिली की चिमटा.

सुगी सरता सरता तिनं पहिलं पत्र फोडलं. अक्षराखाली बोट धरून वाचलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. सगळ्यांत एकच प्रश्न: 'उत्तर नाही. रागावलीस काय?'

आक्कानं चारी पत्रं मांडीवर पसरली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून रडली. "त्येनं तिकडं काय समजायचं गं, शांते?"

उत्तर तिनं एकटीनं लिहिलं. तीन दिवस लागले. मला बघू दिलं नाही.

लढाई संपली, भावजी आले. जेवताना म्हणाले, "तुजी चिठ्ठी हवालदारानं वाचून दावली. लय ब्येस लिवली व्हती. कुनाकडनं लिवून घेतलीस?"

"शांतीकडनं," आक्का म्हणाली.

मी तोंड उघडणार, तोच तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी फौजेचा एक कागद आला. त्यावर नवरा-बायको दोघांची निशाणी हवी होती. कागद घेऊन आलेल्या कारकुनानं विचारलं, "सही येते?"

भावजी ओशाळून हसले आणि त्यांनी अंगठा पुढे केला. आक्कानं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग पदर सावरून तिनंही शाईत अंगठा बुडवला आणि त्यांच्या अंगठ्याशेजारी उठवला.