काळजबड्याची डावी भुवई

सकाळी साडेअकराला चित्रकार वाचनालयाच्या हॉलमध्ये शिरला तेव्हा शीळ घालत होता. समोरच्या भिंतीकडे त्याची नजर गेली आणि शीळ बंद झाली. भिंतीवर पंचवीस चित्रं एका ओळीत टांगली होती आणि वर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'काळजबडा : एका खलनायकाची उत्क्रांती'. चित्रकार पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा चालत गेला आणि मग हातपाय गाळून एका खोक्यावर बसला.

काळजबडा म्हणजे एका चित्रकथांच्या मासिकात गेली पंचवीस वर्षं दर महिन्याला जग बुडवायला निघणारा आणि दर महिन्याला शेवटच्या पानावर मार खाणारा खलनायक. त्याला जन्म दिला चित्रकाराने, वाढवला चित्रकाराने. नायक बिचारा पहिल्या अंकात होता तसाच गुळगुळीत राहिला, पण काळजबडा वाढला, पिकला, चांगला मुरला. म्हणून तर संपादिकाबाईंनी प्रत्येक वर्षाचं एक चित्र निवडून, मोठ्ठं छापून घेऊन हे प्रदर्शन भरवलं होतं. संध्याकाळी पाचला उद्घाटन.

झाडू मारता मारता वाचनालयाचा शिपाई जवळ आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेब, आमच्याकडे रोज सकाळी पेपर वाचायला एक आजोबा येतात, त्यांचे एवढे फोटो कशाला लावलेत?"

"कोण आजोबा?" चित्रकाराचा आवाज चिरकला.

"मफलरवाले. काठीवाले. डावी भुवई अशी वर." शिपायाने स्वतःची भुवई चढवून दाखवली. "पेपर वाचायला म्हणजे काय, खरं सांगू का..."

"नंतर सांगा हो!" चित्रकार ओरडला. मफलर, काठी आणि डावी भुवई ही तिन्ही त्याच्या सख्ख्या सासऱ्यांची होती.

आता हे झालं कसं, तेही सांगायला हवं. पहिली दोन वर्षं काळजबड्याला चेहराच नव्हता. नुसता काळा धूर आणि मधोमध जबडा. तिसऱ्या वर्षी चित्रकार मुलीचा हात मागायला गेला. मुलीचे वडील सरकारी वजनमाप निरीक्षक. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस, समोरच्याकडेही हा वजनात कमी भरतोय अशाच नजरेनं बघायचा. त्यांनी डावी भुवई वर केली आणि विचारलं, "राक्षस काढता? बरं. आणि काम काय करता?"

लग्न झालं, पण तो प्रश्न चित्रकाराच्या डोक्यात गेला तो गेलाच. त्याच महिन्यात धुरामधून एक डावी भुवई बाहेर आली. ती त्याने मुद्दाम काढली होती, खोटं कशाला बोला. पण पुढचं सगळं हात आपणहून करत गेला. सासऱ्यांना चष्मा लागला, काळजबड्याच्या चष्म्यातून किरण निघू लागले. सासरे निवृत्त झाले, काळजबड्याने सैन्य सोडून एकट्याने किल्ल्यात राहायला सुरुवात केली. सासऱ्यांनी काठी घेतली, काळजबड्याच्या काठीतून वीज पडू लागली. कानाला यंत्र लागलं, तेव्हा काळजबडा त्याच्या यंत्रावर आख्ख्या शहराची कुजबुज ऐकू लागला. चित्रकार एका महिन्याचं काम एका महिन्यात संपवणारा माणूस. पंचवीस वर्षं शेजारी शेजारी लावून त्याने कधी बघितलीच नव्हती. बायको तर त्या मासिकाला हातही लावत नसे. घरात एक चित्रकार आहे तेवढा त्रास पुरे, असं ती म्हणायची.

आणि आठ महिन्यांपूर्वी सासरे त्यांच्याकडे राहायला आले होते. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती, एकटं राहणं आता जमत नव्हतं. चित्रकाराने आधी कपाळाला हात लावला होता. पण दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी त्याच्या सगळ्या पेन्सिली ओढून घेतल्या, चाकूने टोकं काढली आणि प्रत्येक टोक पट्टीने मोजून एका मापाचं केलं. तेव्हापासून रोज सकाळी टेबलावर बारा पेन्सिली तयार. एखाद्या दिवशी उशीर झाला, तर चित्रकारच स्वयंपाकघरात डोकावून यायचा, म्हाताऱ्याला बरं आहे ना म्हणून. त्याला ते आवडायला लागले होते, आणि हे कबूल करायची लाज वाटत होती.

म्हाताऱ्याचं मन मात्र फार हळवं. आठ महिन्यांत दोनदा बॅग भरून झाली होती. एकदा त्यांच्या कपातून दुसरं कुणी चहा प्यायलं म्हणून आणि एकदा त्यांना न विचारता टीव्हीचा आवाज कमी केला म्हणून. दुसऱ्या वेळी बायकोने निक्षून सांगितलं होतं, "पुन्हा बाबांनी बॅग भरली, तर त्यांच्यामागून माझीही भरलेली दिसेल. लक्षात ठेव."

टीव्हीच्या आवाजावरून बॅग, तर बावीस वर्षं राक्षस केल्यावर काय? चित्रकाराने घाईघाईने घरी फोन लावला.

"अगं, बाबांना आज नको आणूस. हॉल वरच्या मजल्यावर आहे, गुडघे दुखतील त्यांचे."

"लिफ्ट आहे असं कालच म्हणालास."

"बंद पडली."

"आत्ता संपादिकाबाईंचा फोन आला होता. लिफ्टने थेट वर या म्हणाल्या. तू ठीक आहेस ना?"

चित्रकाराने फोन ठेवला. संपादिकाबाईंना पाहुण्यांना आणायला जायचं होतं, त्या साडेचारशिवाय परतणार नव्हत्या. म्हणजे हातात पाच तास आणि तोंडं तेवीस. पिशवीत पोस्टर कलर होते, ब्रश होते. चित्रकार उठला, स्टूल ओढलं आणि तिसऱ्या वर्षाच्या भुवईवर पांढरा रंग फासला. रंग तिथे थांबेचना. छपाई गुळगुळीत कागदावरची, रंगाचे थेंब होऊन खाली ओघळायला लागले आणि काळजबडा ढसाढसा रडतोय असं दिसू लागलं.

"साबण आणा!" चित्रकार ओरडला.

"तोंड धुणार त्याचं?" शिपायाने विचारलं.

"अहो, रंगात साबणाचा थेंब टाकला की तो गुळगुळीत कागदावर धरतो. पळा!"

साबण आला, रंग धरला. नाक गेलं, चष्मा गेला, भुवई गेली. पण आता तिथे काय काढायचं? माणूस घाबरलेला असला की त्याला नवं काही सुचत नाही. चित्रकाराची एक जुनी सवय होती. चेहऱ्यावर राग, हेवा, कपट काढायचं असलं की तो खिशातला छोटा गोल आरसा समोर ठेवायचा, स्वतः दात विचकायचा आणि ते बघून काढायचा. आताही त्याने आरसा स्टुलावर टेकवला. दात विचकले. काढलं. डोळे वटारले. काढलं. स्टूल सरकवलं. पुढचं. सहा झाली, सात झाली. घाम डोळ्यांत जात होता आणि मान अवघडून गेली होती.

"साहेब," शिपाई मागून म्हणाला, "हे आता कुणासारखं दिसतंय सांगू का?"

"आजोबांसारखं दिसतंय?"

"छे, अजिबात नाही, पण..."

"मग झालं तर! तुम्ही चहाचं बघा."

तीन वाजता बायकोचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "तू बाबांना काही बोललास का रे?"

"मी? काय झालं?"

"मघापासून खोलीचं दार लोटून बसलेत. मी डोकावले, तर बॅग भरतायत. काय भरताय म्हटलं, तर म्हणाले संध्याकाळी कळेल सगळं."

चित्रकाराने फोन ठेवला. म्हणजे त्यांना कळलंच होतं. संध्याकाळी चारचौघांत पाणउतारा करून थेट स्टेशन गाठायचा बेत होता तर. आता एकच मार्ग, पुरावाच शिल्लक ठेवायचा नाही. पंचविसावं चित्र संपलं तेव्हा पहिल्या दोन धुरकट चित्रांकडे त्याचं लक्ष गेलं. बाकी सगळ्यांना नवा चेहरा आणि ह्यांना नुसता धूर, तर कुणीतरी विचारणारच. त्याने त्या दोघांच्या धुरातही घाईघाईने एकेक तोंड बसवलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

लिफ्टचं दार उघडलं. पुढे सासरे, ठेवणीतला कोट, मफलर, एका हातात काठी. मागे बायको, खांद्यावर ती बॅग घेऊन वाकलेली. आणि त्यांच्यामागे वाचनालयातले तीन म्हातारे, चांगले कपडे घालून आलेले. सासरे मान ताठ करून मित्रांना म्हणत होते, "या, या. मी म्हणालो होतो ना, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

ते पंचविसाव्या चित्रासमोर उभे राहिले. मग चोविसाव्या. मग तेविसाव्या. चित्रकार त्यांच्या भुवईकडे बघत होता. भुवई वर गेली नाही. उलट हळूहळू खालीच येत गेली, आणि ती खाली आली की चेहरा इतका थकलेला दिसतो हे चित्रकाराला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

"अहो," एक मित्र म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात, सगळीकडे तुमचंच चित्र आहे."

"हा तर दुसराच कुणीतरी आहे," दुसरा चष्मा पुसत म्हणाला. "ह्याला कुठेतरी बघितलंय पण..."

"अरे, हे तर जावई!" तिसरा ओरडला.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि मग चित्रकाराकडे. त्यानेही पाहिलं. पंचवीस वर्षांचा काळजबडा पंचवीस तऱ्हांनी त्याच्यासारखेच दात विचकत होता.

"मी सकाळपासून तेच सांगतोय," शिपाई म्हणाला.

सासरे खुर्चीवर बसले. काठी गुडघ्यांत धरून हळूच म्हणाले, "मला काढून टाकलंत, जावईबापू? काही चुकलं का माझं?"

"बाबा, तसं नाही हो! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... तुम्ही बॅग भरलीत म्हणून..."

"ती होय? उघड गं."

बायकोने बॅग उघडली. आत काळजबड्याचे अंक होते. पंचवीस वर्षांचे, महिन्यांप्रमाणे लावलेले, प्रत्येक गठ्ठ्याला दोरी.

"ह्यांना पटेना, म्हणून पुरावा घेऊन निघालो होतो," सासरे मित्रांकडे काठी रोखून म्हणाले. "मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं हो. माझी भुवई मी ओळखणार नाही? आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग एक दिवस बाजारात एक पोरगं मला बघून आईच्या मागे लपलं. दुकानदार मापात राहायला लागले. म्हटलं, बरं चाललंय की! निवृत्त झालो, घरात कुणी विचारेना. पण तुमच्या अंकात सगळं शहर मला घाबरत होतं."

"म्हणून सांगत होतो," शिपाई पुन्हा म्हणाला, "पेपर नुसता समोर धरतात. आत हेच मासिक असतं."

सासऱ्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "आणि हिची आई गेली, तेव्हा तुम्ही त्याला सहा महिने काहीच करू दिलं नाहीत. नुसतं खिडकीत बसवलंत. तुमच्या त्या बाई ओरडल्या असतील."

"नोकरी जायची वेळ आली होती," चित्रकार म्हणाला.

"मला भेटायला माणसं येत होती, सगळी काहीतरी बोलत होती. त्या सहा अंकांत कुणी काही बोलत नव्हतं, तेवढंच बरोबर होतं." त्यांनी काठीने भिंतीकडे दाखवलं. "ते चित्र कुठाय?"

चित्रकार विसाव्या चित्रापाशी गेला, खिशातला रुमाल चहाच्या ट्रेवरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि चोळला. साबणाचा रंग तो, सहज निघाला. खालून खिडकी आली, मग मफलर, मग बाहेर बघणारा एक म्हातारा आणि दमलेली डावी भुवई.

"सरका," सासरे उठले. "एका मापाने पुसायला हवं, तुम्ही डाग ठेवताय." त्यांनी स्वतःचा रुमाल काढला. मित्रांनीही काढले. संपादिकाबाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या तेव्हा चार म्हातारे भिंत धुवत होते. त्या किंचाळणार होत्या, पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम.

पुसत पुसत सासरे तिसऱ्या वर्षापर्यंत आले. भुवई उगवली. ती त्यांनी समाधानाने पाहिली आणि रुमालाची घडी घातली.

"बाबा, अजून दोन राहिली," चित्रकार म्हणाला. "त्यांच्यावरही माझंच तोंड आहे."

"राहू द्या. ती माझ्या आधीची." सासरे दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी सगळी ओळ डावीकडून उजवीकडे नजरेखालून घातली. आधी जावई, मग सासरे. वरची पाटीही वाचली. मग कितीतरी वेळाने त्यांची भुवई चढली, अगदी वरपर्यंत.

"उत्क्रांती बरोबर आहे," ते म्हणाले. "वजनात आता भरताय तुम्ही. घरी चला, उद्याच्या पेन्सिली राहिल्यात."