सगळे स्टेजवर

नगरच्या सावेडीतल्या पाच संस्थांनी मिळून 'जोडू या नगर' हा कार्यक्रम ठेवला आणि श्रोते आणायचं काम प्रत्येकीने उरलेल्या चौघींवर सोडलं. त्यामुळे हॉलमध्ये खरा श्रोता एकच आला. सूर्यभान.

सूर्यभान मूळचे कोल्हारचे. बायको वारल्यापासून सावेडीच्या फ्लॅटमध्ये एकटेच. मुलगा सुप्याच्या कंपनीत; त्याला कायम शिफ्ट असायची. पत्रिकेत 'एकट्या ज्येष्ठांशी मनमोकळ्या गप्पा' असं वाचून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती. आज सकाळी त्यांची भाकरी फुगली होती. स्वतः थापलेली, आयुष्यात पहिल्यांदा. दाखवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून शेवटी त्यांनी ती खाऊन टाकली.

सुरुवातीला खाली बाकीचे कार्यकर्ते तरी होते. पण झाडंवाल्या ज्योतीताईंच्या लक्षात आलं, की रक्तदानवाल्यांचे दोघं स्टेजवर आहेत आणि आपल्या संस्थेच्या मात्र आपण एकट्याच.

"समतेचा कार्यक्रम अन् हितंच भेदभाव?" त्या कडाडल्या.

अध्यक्ष रामहरी घाबरले. "न्हाई ओ ताई! समदेच या वर!"

समदे गेले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून खालच्या वर नेल्या. मग एकमेकांचे सत्कार सुरू झाले. ज्याने शाल घातली, त्यालाही कुणीतरी घालायला हवीच होती. सूर्यभान टाळ्या वाजवत राहिले. दमले, पण थांबता येईना. थांबले की हॉल एकदम शांत व्हायचा.

"काका एकटेच खाली, बरं दिसत न्हाई," कुणीतरी म्हणालं. "या वर!"

सूर्यभान चढले. घसा खाकरला. "आज सकाळी माझी..."

"सायेब," फोटोवाला ओरडला, "आता टाळ्या कोन वाजवनार?"

सगळ्यांनी रिकाम्या हॉलकडे पाहिलं. सूर्यभानना नारळ देऊन सन्मानाने खाली पाठवण्यात आलं.

शेवटी रामहरींनी पुकारलं, "आता मनमोकळ्या गप्पा!" तेवढ्यात बाहेर चहा आला. स्टेज रिकामं झालं. चहा संपला, गाड्या सुरू झाल्या, गेल्या.

साउंडवाला छगन समोर येऊन उभा राहिला. "काका, खुर्ची द्या. टेम्पो थांबलाय."

"मला जरा बोलायचं हुतं."

"मंग बोला की. वायर गुंडाळूस्तोवर बोला."

सूर्यभान स्टेजवर चढले. सगळ्यांनी धरला होता, तसा त्यांनीही माईक धरला.

"आज माझी भाकरी फुगली."

बाहेरचा कर्णा चालूच होता. आवाज रस्ताभर गेला. मग समोरच्या गॅलरीतून एका बाईचा आवाज आला.

"पापुद्रा सुटला का पन?"

सूर्यभाननी माईक तोंडाजवळ घेतला. "सुटला! टम्म फुगली हुती!"

"काका," पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "पानी गरम घेतल्तं का गार?"

छगनने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली.