मन्मथआप्पांची रांग

माझ्या पुतण्याच्या लग्नात मन्मथआप्पा बिराजदारांनी नवरदेवाच्या मामाला जेवणाच्या रांगेतून मागं पाठवलं. मामा गडबडीत ताट घेऊन सरळ जिलेबीपाशी पोचला होता. आप्पांनी त्याच्या हातातलं ताट अलगद काढून घेतलं, थप्पीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "नंबर आला की बघू." मामा रुसून मांडवाबाहेर गेला. त्याची समजूत काढायला आणखी दोघं रांग सोडून गेले. ते परत येईपर्यंत त्या दोघांच्या जागा मात्र आप्पांनी धरून ठेवल्या होत्या.

धाराशिवात माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानासमोरच्या माडीवर आप्पा एकटेच राहतात. रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. दुकानात गर्दी असली तर ते शेवटी उभे राहतात, हे समजण्यासारखं आहे. पण दुकान रिकामं असलं तरीही ते पायरीवर घटकाभर थांबतात, इकडंतिकडं बघतात आणि आपल्या पुढं कुणीच नाही याची खात्री पटली की मगच चिठ्ठी पुढं करतात.

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं. कुणी एखादी नवी वस्तू शोधून काढली की सरकार तिच्यावर ठरावीक वर्षांपुरता हक्क देतं, दुसऱ्यानं ती विचारल्याशिवाय करायची नाही. तो हक्क म्हणजे पेटंट. असे अर्ज तपासणाऱ्या साहेबांपैकी आप्पा एक होते. अणदूरचं पोरगं शिकून मुंबईला गेलं आणि केस पांढरे होईपर्यंत दुसऱ्यांच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टी तपासत बसलं. अर्ज भाराभर, तपासणारे मोजके. टेबलावरची थप्पी खाली गेलेली आपण कधी पाहिलीच नाही, असं ते सांगायचे. लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. अशा ठिकाणी क्रम सोडला तर काही उरत नाही, असं आप्पांचं म्हणणं.

तपासताना तीन गोष्टी बघायच्या असतात. हे नवीन आहे का, कुणालाही सहज सुचेल असं आहे का आणि उपयोगाचं आहे का. आप्पा निवृत्त झाले, हे प्रश्न काही झाले नाहीत. माझ्या बायकोनं एकदा मोठ्या हौसेनं दुधी घालून थालीपीठ केलं आणि त्यांना नेऊन दिलं. ते सावकाश चावत म्हणाले, "चव बरी आहे. पण यात नवीन काय? अणदूरला माझी आई हेच करायची. पूर्वीच माहीत असलेलं." बायकोनं महिनाभर त्यांच्याकडं काही पाठवलं नाही. मी केसांना कलप लावला तेव्हा तर त्यांनी तीनही प्रश्न विचारले आणि मला तिन्हींत नापास केलं.

असल्या माणसाशी माझ्या बहिणीची गाठ पडली.

सुनंदा माझी धाकटी. भूमकडच्या एका गावात ती खव्याची भट्टी चालवते. खवा करायचा म्हणजे दूध आटवायचं, आणि आटवायचं म्हणजे लाकूड जाळायचं. आमच्या भागातल्या कितीतरी बायांचा जन्म कढईपुढं धुरात खवा हलवण्यात गेला. सुनंदानं डोकं चालवून भट्टी नव्यानं बांधली. जाळ एक, कढया दोन. लाकूड बरंच कमी लागायला लागलं आणि धूर तोंडावर येईनासा झाला. एका कॉलेजातल्या सरांनी ती पाहिली आणि चार लोकांना दाखवायच्या आधी तिच्याकडून पेटंटचा अर्ज भरून घेतला. मग वाट बघणं सुरू झालं. ते संपेचना.

तेवढ्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं भट्टीचे फोटो काढून नेले आणि तशीच लोखंडाची करून विकायला काढली. एवढ्यावर तो थांबला नाही. ही भट्टी मूळची माझी, त्या बाईनं माझी चोरली, असं तो बाजारात सांगत फिरायला लागला. सुनंदाकडून भट्ट्या बांधून घेणार होत्या त्या बचत गटाच्या बायांनी नको म्हणून कळवलं. गावात लोक तिच्याकडं बघून हळू आवाजात बोलायला लागले. वकील म्हणाले, पेटंट हातात पडल्याशिवाय कोर्टात जाता येणार नाही. सुनंदा रोज फोन करायची आणि रोज तिचा आवाज थोडा खाली गेलेला असायचा. एकदा म्हणाली, "दादा, म्या भट्टी मोडून टाकते."

तिच्या मुलीनं कुठंतरी वाचलं होतं की काही देशांत पर्यावरणाला धरून असलेले शोध लवकर तपासतात, त्यांची वेगळी वाट असते. मी तो मजकूर घेऊन माडीवर गेलो. आप्पांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"हे तिकडं," ते म्हणाले. "आपल्याकडं पर्यावरणाची वेगळी रांग न्हाई."

मी विचारलं, मग बाईनं करायचं काय. आप्पा म्हणाले, "नंबर आला की बघू." लग्नात ज्या वाक्यावर मी पोट धरून हसलो होतो, ते त्या दिवशी मला सहन झालं नाही. मी निरोप न घेता उतरलो.

चार-सहा दिवसांनी आप्पा दुकानात आले. खोकल्याचं औषध घेणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मागं उभे राहिले. म्हातारा गेल्यावर त्यांनी चिठ्ठी काढलीच नाही. अर्जावर नाव कुणाचं, एवढं विचारलं. मी म्हटलं, सुनंदाचं, एकटीचं. ते जरा वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

"अर्जदार बाई असली तर लवकर तपासणी मागता येते. नियमातच आहे. त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. सरांना सांग, आजच करा."

"आप्पा, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले आणि गेले. ज्या अर्थी माहीत असून सांगितलं नाही त्या अर्थी हा माणूस मनानं दगड आहे, असं माझं पक्कं मत झालं.

अर्ज केला, आणि इतकी वर्षं हलली नव्हती ती फाइल हलली. पण सोबत आक्षेप आले. सगळ्यात मोठा आक्षेप असा, की हे कुणालाही सुचण्यासारखं आहे. त्यावर ऑनलाइन सुनावणी होणार होती. तिथं उत्तर पटलं नाही तर सगळं संपलं. फॅब्रिकेशनवाला मग गावात वाजतगाजत फिरला असता.

सुनंदा आमच्याकडं राहायला आली आणि आप्पा तिची तयारी करून घ्यायला येऊ लागले. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. पहिल्या दिवशी समोर बसून त्यांनी तिला विचारलं, "आपलं नाव?" ती त्यांना चांगली ओळखते, त्यामुळं हसायला लागली. आप्पा हसले नाहीत. तिनं नाव सांगितलं.

"पहिल्या कढईची उरलेली धग तुम्ही दुसऱ्या कढईखाली नेता. चुलीच्या वैलावर सगळ्याच बाया हे करतात. यात नवीन काय?"

ती म्हणाली, लाकूड कमी लागतं. ते म्हणाले, ते उपयोगाचं झालं, मी नवीन विचारलं. ती म्हणाली, धूर होत नाही. ते म्हणाले, तेही उपयोगाचंच. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही तोच, आवाजात तसूभरही फरक नाही. सुनंदा रडकुंडीला आली.

"आप्पा, तुमी नेमकं कुणाच्या बाजूनं हाव?"

"प्रश्नाच्या," आप्पा म्हणाले. माझ्या बायकोनं त्यांच्यापुढचा अर्धा भरलेला चहाचा कप उचलून आत नेला. तो कप कुठं गेला हेही त्यांना कळलं नाही. ते सुनंदाकडंच बघत होते.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव कळलं तेव्हा आप्पांनी चष्मा काढून पुसला. हा आपल्याच हाताखाली शिकलेला पोरगा, असं ते बोलून गेले. आमच्या जीवात जीव आला. मी म्हटलं, आप्पा, एक फोन करा. बाई ओळखीची आहे, एवढंच सांगा.

"न्हाई."

मी म्हटलं, काही मागू नका, नुसतं कानावर घाला.

"न्हाई."

इतक्या दिवसांचं माझ्या पोटात साठलं होतं. "माणसापेक्षा रांग मोठी झाली व्हय तुमाला?" मी म्हणालो. "म्हणूनच एकटे बसलाय माडीवर."

सुनंदा "दादा" एवढंच म्हणाली. आप्पा उठले, खुर्ची जागेवर सरकवली, चपला घातल्या. बाहेर पडताना आपल्या घरच्या कानडीत काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. सुनावणीच्या दिवशीही आले नाहीत.

त्या दिवशी टेबलावर लॅपटॉप, शेजारी कॉलेजचे सर आणि मधे सुनंदा, पदर घट्ट आवळून. साहेब बोलायला सभ्य होता पण वेळ घालवणारा नव्हता. सुरुवातीलाच वीज गेली. इंटरनेटची पेटी इन्व्हर्टरवर नव्हती, पडदा थिजला. सरांनी घाईघाईनं मोबाइलवरून जोडणी केली. साहेबाचा चेहरा परत दिसला आणि त्यानं हिंदीतून विचारलं, उरलेली धग पुढच्या भांड्याखाली नेणं तर चुलीवर सगळेच करतात, यात नवीन काय आहे?

सरांनी सुनंदाकडं पाहिलं, मी सरांकडं. मग ती बोलायला लागली. हिंदीत सुरू केलं, दोन वाक्यांत आपल्या बोलीवर आली आणि सर मधे मधे समजावून देत राहिले.

"सायेब, सगळे जाळावर आटत आलेला खवा ठेवतेत अन् उरल्या धगीवर कच्चं दूध. खवा करपाय लागला की जळतं लाकूड वढून काढतेत. ते वढलेलं लाकूडच धूर करतं. म्या उलटं केलं. जाळावर कच्चं दूध, अन् उरल्या धगीवर आटत आलेला खवा. मधी धग कमीजास्त कराय सरकती पाटी. लाकूड वढावंच लागत न्हाई. हे कुणालाबी सुचण्यासारखं असतं, तर आमच्या आज्यांनी जन्मभर धूर खाल्ला नसता."

साहेब बराच वेळ लिहीत होता. मग त्यानं सरकत्या पाटीचं चित्र पुन्हा दाखवायला सांगितलं, लेखी उत्तर मुदतीत द्या म्हणाला आणि पडदा बंद झाला. सुनंदा तिथंच बसून राहिली. तिला पाणी द्यायचंही कुणाला सुचलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. फॅब्रिकेशनवाल्याला सुनावणीची कुणकूण लागली होती, बाईचा अर्ज फेटाळला असं तो सांगू लागला. आणि मग एका सकाळी सरांचा फोन आला, पेटंट मंजूर झालं. वकिलाची नोटीस गेली तशी त्यानं भट्ट्या विकणं बंद केलं. बचत गटाच्या बाया परत आल्या. सुनंदानं पहिल्या घाण्याचा खवा डबा भरून पाठवला आणि बजावलं, आधी आप्पांना.

मी डबा घेऊन माडीवर गेलो. आप्पा खिडकीपाशी बसले होते. मी बातमी सांगितली. लेखी उत्तर मुदतीत गेलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी गेलं म्हणालो. मग जीभ रेटून म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. त्यांनी हात हलवला.

"तू तो मजकूर घेऊन आलास तेव्हा मुद्दामच सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "एक पुढं गेला की मागचा आणखी मागं जातो. मला ती थप्पीच दिसत होती. मग कमल आठवली."

कमलकाकू म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना फार पाहिलं नव्हतं. आप्पांनी सांगितलं ते असं. मुंबईत सरकारी घरासाठी त्यांनी नाव घातलं होतं. बाकीचे वशिला लावून घरं घेत गेले, यांनी लावला नाही. काकू अणदूरला सासूसासऱ्यांपाशी, हे मुंबईत भाड्याच्या खोलीत. तरुणपण असंच गेलं. निवृत्तीला थोडे दिवस उरले तेव्हा घर मिळालं. काकू आल्या. गॅलरीत तुळस लावली, पडदे शिवले. निवृत्तीनंतरही काही महिने घर ठेवायची मुभा असते. काकू म्हणाल्या, राहू या की तेवढे महिने. आप्पांच्या मागं यादीत कुणीतरी ताटकळत होता. त्यांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी किल्ली देऊन टाकली.

"भांडली न्हाई. गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली, पार सोलापूर येईपर्यंत. वर्षभरात गेली." ते खिडकीकडं वळले. "ते महिने तिच्या हक्काचे होते. नियमात होते. मी सोडले."

मी डबा पुढं केला. त्यांनी डबा उघडला, बोटभर खवा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसले. नवीन काय ते त्यांनी विचारलं नाही.

मी उठलो तसे तेही उठले.

"सुनंदा परत कधी येणार आहे?"

मी म्हटलं, येईल महिन्याभरात.

"तिला म्हणावं, एक दिवस इकडं जेवायला ये. भाजी मला येते. भाकरी तेवढी तिला थापावी लागंल."

मी जिना उतरून रस्ता ओलांडला आणि दुकानातून वर पाहिलं. माडीचं दार अजून उघडंच होतं.