छगनमामाची डहाळी

"काकू, हे सूप मी घेऊन जातो हं," अखिल म्हणाला आणि झुंबरबाईंच्या हातातलं सूप त्याने खरोखरच घेतलं. त्यातले अर्धे तांदूळ अजून पाखडायचे होते. संध्याकाळी सूप परत आलं ते फिकट गुलाबी होऊन, कडेने लुकलुकणारे दिवे लावून.

अखिल हा जळगावचा डेकोरेटर. नशिराबादच्या मगनभाऊ-झुंबरबाईंच्या मुलीचं, दिपमालाचं लग्न त्याने अंगावर घेतलं होतं. वर क्रीम रंगाचे पडदे, खाली गालिचा, आणि आजी-पणजीच्या वस्तू रंगवून जिथे तिथे टांगलेल्या. याला तो 'मॉडर्नमध्ये ट्रॅडिशनल टच' म्हणत असे. घरातलं घंगाळ, जातं, कंदील असं सगळं टचसाठी निघून गेलं होतं. मगनभाऊ आंघोळीला प्लॅस्टिकची बादली घेत होते आणि तीही कधी गुलाबी होईल याचा त्यांना भरवसा नव्हता.

झुंबरबाईंनी सगळं सोसलं. अट एकच घातली. "समोरची कमान मोकळी ठेव. तिथे माझ्या भावाची डहाळी लागेल."

त्यांचं माहेर सोनगीरचं. तिथली रीत अशी की मांडवाची हिरवी डहाळी मामाने आणायची, आणि ती सुकली की मामानेच येऊन उतरवायची. तेवढ्या निमित्ताने भाऊ पुन्हा येतो, बहिणीच्या हातचे पुरणाचे मांडे खातो, दोन दिवस राहतो. पण ललितच्या, म्हणजे थोरल्या मुलाच्या लग्नात घोटाळा झाला होता. छगनमामाने गाडीभर जांभळीची डहाळी आणली. तेव्हाच्या डेकोरेटरने ती गालिच्यावर पाला पडतो म्हणून जनरेटरमागे टाकली आणि गल्लीतल्या बकऱ्यांनी तिचा फडशा पाडला. मामाने ते पाहिलं, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. त्यानंतर तो आलाच नाही. झुंबरबाईंना त्याची आठवण यायची, आणि आपल्या माहेरच्या बोलीचीही. नशिराबादेत ती बोलायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

या वेळी आमंत्रण घेऊन मगनभाऊ स्वतः सोनगीरला जाऊन आले.

"काय म्हणाला?" झुंबरबाईंनी दारातच विचारलं.

"येतो म्हणाला."

"डहाळीचं बोललात?"

"बोललो ना, सगळं समजावून बोललो."

मगनभाऊ समजावून बोलले म्हटल्यावर खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण झुंबरबाई आनंदात होत्या.

मांडवाच्या दिवशी सकाळी बाहेर येऊन पाहतात तो कमान हिरवीगार. अखिलने प्लॅस्टिकची पानं लावली होती.

"काढ," झुंबरबाई म्हणाल्या.

"काकू, नुसती सॅम्पल म्हणून लावली. बघा, अगदी खरी वाटतात."

"खरी येताहेत. काढ म्हणते ना!"

अखिलने पानं काढली आणि सामानाच्या टेम्पोने भुसावळच्या दुसऱ्या लग्नाला पाठवून दिली. आता कमानीचा नुसता लोखंडी सांगाडा उरला. मग झुंबरबाई गल्लीत फिरल्या आणि त्यांनी घरोघरच्या बकऱ्या बांधून ठेवायला लावल्या. उपाशी बकऱ्या हळदीच्या गाण्यांना साथ देऊ लागल्या. दुपार झाली. फोटोवाला सांगाड्याकडे बघून कॅमेरा खाली ठेवी.

"आई, मामा येणार नाहीये गं," दिपमाला रडवेली होऊन म्हणाली. "फोटोत हे लोखंड येणार! ती पानं काय वाईट होती?"

"येईल. ऊन फार आहे, पाला सुकू नये म्हणून सावकाश येत असेल."

अखिलने भुसावळला फोन लावून पाहिला. त्याची पानं तिथल्या मांडवाला लागूनसुद्धा गेली होती. झुंबरबाई चार वाजेपर्यंत उन्हात रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. कुणी सावलीत बोलावलं तरी हलल्या नाहीत.

शेवटी पिकअप आला. मागे ताडपत्री गच्च बांधलेली. छगनमामा उतरला. केस पांढरे झाले होते. झुंबरबाईंना त्याला डोळे भरून पाहायचं होतं, पण डोळे आधीच भरले होते. मामाने ताडपत्री ओढली.

आत गाडीभर पानं होती. हिरवी, चकचकीत, प्लॅस्टिकची.

"अरे, सेम माल!" अखिल ओरडला.

छगनमामा अभिमानाने म्हणाला, "दाजी म्हनेत, गालिचावर पाला पडस, पोरीले आवडस नई. मंग मी सुरतथून लयनू. दुकानदार म्हने, दहा वरीस रंग जास नई."

सगळ्यांनी मगनभाऊंकडे पाहिलं. मगनभाऊ गुलाबी सुपाकडे पाहत होते.

तेवढ्यात शेजारच्या जीवरामची बकरी दावं तोडून धावत आली. तिने मोठा घास घेतला, थोडा चघळला, आणि मांडवभर लोकांसमोर थुंकून टाकला.

"दख अक्का," छगनमामा हळूच म्हणाला, "आते बकऱ्या खातस नई."

झुंबरबाई आधी हसल्या, मग रडायला लागल्या. "येडा शे का रे तू? पाला कसाले जोयजे? तुनीच वाट दखी राह्यनी व्हती मी!"

कमान सजली. धुळ्याच्या वरपक्षाने खरा पाला समजून कौतुक केलं. मामा या वेळी पंगतीत बसून पोटभर जेवला.

दिपमाला सासरी गेली. अखिल मांडव सोडायला आला, सूप आणि घंगाळ देऊन गेला, पण कमानीला झुंबरबाईंनी हात लावू दिला नाही.

"सुकल्यावर मामाच उतरवतो."

"काकू, हे प्लॅस्टिक आहे."

"मला कळतं ते."

रोज सकाळी झुंबरबाई सडा टाकायच्या आणि कमानीकडे बघायच्या. लेक नाही, घर मोकळं, आणि पानं होती तशी हिरवी. खरी डहाळी असती तर आठवड्यात वाळली असती आणि भाऊ येऊन गेला असता. दुकानदाराचे शब्द आठवले की त्या बोटांवर दहा वर्षं मोजायच्या. मे महिना लागला. एका सकाळी त्यांनी पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. पानं लखलखली. मग त्या आत गेल्या आणि सोनगीरला फोन लावला.

"छगन, पानं सुकी ग्यात रे."

सगळीच सुकली का, एवढंच मामाने विचारलं.

"बठ्ठी?"

"बठ्ठी."

"सुकतीनच, अक्का," छगनमामा म्हणाला. "ऊन कितलं पडी राह्यनं! येस मी परवा. मांडा नि रस करजो."